पानं आली, फूल का नाही आलं? कुंडीतल्या छोट्या डॅफोडिलबद्दल

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: "गेल्या नोव्हेंबरात 'तेत-आ-तेत' जातीच्या बुटक्या डॅफोडिलचे १२ कांदे ऑनलाइन मागवले. काळी माती आणि शेणखत घालून ८ इंची कुंड्यांत लावले. डिसेंबरात पानं छान वर आली, वीतभर झाली, फेब्रुवारीत पिवळी पडून वाळली. फूल एकही नाही. कांदे काढून माळ्यावर ठेवलेत. यंदा कोणतं खत घालू? की आपल्याकडे हे होतच नाही?"

ताई, तुम्ही खताचं विचारलंत, पण तुमच्या वर्णनात खत कमी पडल्याचं कुठेच दिसत नाही. उपाशी कांद्याला वीतभर हिरवीगार पानं येत नाहीत. तुमच्या कांद्यांना कमी पडली ती थंडी, आणि ती कुठल्याच खताने भरून निघत नाही. मी साताऱ्यात २२ वर्षं रोपवाटिका चालवते. हिवाळा आला की हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतं, आणि बहुतेकांनी तोवर डीएपी खत घालून झालेलं असतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. श्रावण चालू आहे, म्हणजे यंदाचा हंगाम अजून तुमच्या हातात आहे.

आधी कांद्याच्या आत काय चालतं ते बघू. डॅफोडिलचं फूल आपण कांदा लावल्यावर तयार होत नाही. गेल्या हंगामात पानं वाळत आली, त्या सुमारास ते कांद्याच्या पोटात धरलेलं असतं. हॉलंडमध्ये हे मे-जूनच्या सुमाराला घडतं. ऑक्टोबरात तुमच्या हातात जो कांदा पडतो, त्यात कळी आधीच असते, फक्त दांडा आखडलेला असतो. तो दांडा वर सरकायला कांद्याला साधारण १२ ते १६ आठवडे ५ ते ९ अंशांची थंडी लागते, आणि तीही ओलाव्यात, मुळं फुटत असताना. ही थंडी मिळाली नाही तरी पानं येतात, पण दांडा जागचा हलत नाही आणि कळी आतल्या आत सुकून जाते.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका वर्षी असाच न फुललेला एक कांदा जानेवारीत मधोमध उभा चिरला. पानांच्या बुडाशी पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली कळी होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, तपकिरी. बोटांत चोळली तर तिचा भुसा झाला. पाकळ्यांच्या कडा तरीही ओळखू येत होत्या. फार हळहळ वाटली. फूल तयार होतं, फक्त त्याला बाहेरची वाट सापडली नव्हती.

आता आपल्याकडची थंडी. सांगलीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १३-१४ अंशांवर येतो. एखादी लाट आली की त्याखालीही जातो, पण दुपारी पुन्हा २९-३० होतो. साताऱ्यात यवतेश्वराच्या बाजूने वारा सुटला की थोडं अधिक गार, एवढाच फरक. पुष्कळांना वाटतं की महाबळेश्वरला तरी जमेल. वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या खऱ्याच असतात. पण त्या मोजक्या पहाटा झाल्या. कांद्याला हवेत सलग तीन-साडेतीन महिने, दिवसासुद्धा. शिवाय तिथे उन्हाळा सौम्य असला तरी पावसाळ्यात ५-६ हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि झोपेत असलेला कांदा त्या पाण्यात सडतो. हे फूल मुळात स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचं. तिथे हिवाळा गार आणि ओला, उन्हाळा कोरडा. आपल्याकडे नेमकं उलट: त्याची झोपायची वेळ आणि आपला मुसळधार पाऊस एकत्र येतात.

म्हणून जमिनीत लावून दरवर्षी आपोआप फुलणारं डॅफोडिल सांगलीत होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. कुंडीत, एका हंगामापुरतं, हमखास म्हणावं इतपत फुलवता येतं. त्यासाठी हिवाळा फ्रिजमध्ये करावा लागतो. कुंडीवर रोज बर्फाचे खडे ठेवणं किंवा कांदे माठाशेजारी ठेवणं, हे दोन्ही करून पाहिलेली माणसं मला माहीत आहेत. बर्फाने तासभर वरची माती गार होते, माठाने चार-पाच अंश उतरतात. कांद्याच्या हिशेबात ते जमा होत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच विचारून ठेवते. फ्रिजमध्ये तीन महिने एक खण मोकळा देता येईल का? कांदे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हातात पडतील का? घरात पूर्वेची गॅलरी किंवा सकाळचं ऊन येणारी खिडकी आहे का? तिन्हींना "हो" असेल तर पुढचं वाचून कामाला लागा. दुसऱ्याला "नाही" असेल तर तेत-आ-तेत यंदा सोडा आणि खाली नर्गिसचं लिहिलंय तिकडे वळा. गेल्या वर्षी तुम्ही नोव्हेंबरात लावलेत. २० नोव्हेंबरला फ्रिजमध्ये ठेवलेला कांदा १४ आठवड्यांनी २६ फेब्रुवारीला बाहेर येतो. तेव्हा सांगलीत दुपारी ३३-३४ असतं. त्या उन्हात कळी उमलते आणि दोन दिवसांत कागदासारखी होते.

माझा हिशेब सोपा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आत, संक्रांतीला बाहेर. ५ ऑक्टोबर ते ११ जानेवारी म्हणजे बरोबर १४ आठवडे. कालनिर्णयवर दोन्ही तारखांना खूण करून ठेवते, कारण मधल्या दिवाळीत फ्रिज आवरताना "हे काय आहे" म्हणून कुंड्या बाहेर निघतात. एका वर्षी आमच्याकडे तसं झालं होतं. चार दिवस त्या ओट्यावर राहिल्या आणि त्या वर्षी दांडे निम्मेच वर आले.

कांदा विकत घेताना घेर विचारा. कांदे घेराच्या सेंटिमीटरवर विकले जातात. तेत-आ-तेतचा १०-१२ चा कांदा चांगला, ८-१० चालतो, त्याखालचा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, त्यात बहुतेक वेळा कळीच नसते. हातात घेतल्यावर तो आपल्या खायच्या कांद्यासारखा घट्ट आणि वजनदार लागला पाहिजे. बुडाची चकती, जिथून मुळं फुटतात, अंगठ्याने दाबून पाहा. तिथे मऊ लागलं तर कांदा परत करा. ती बुडकूज असते. ही बुरशी उबदार मातीत फोफावते आणि जादा नत्राने आणखी जोर धरते. तुम्ही यंदा खत वाढवलं असतंत तर फूल आलं नसतंच, उलट कांदे गेले असते. खताबद्दल मी इतकं अडून बोलते ते यासाठी.

माती. काळी माती या कामाला नको. ती पाणी धरते आणि फ्रिजमध्ये तर तीन महिने चिखलच राहते. कृष्णाकाठचा पोयटा मिळत असेल तर दोन भाग पोयटा, एक भाग चाळलेली जाडी वाळू, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. शेणखत अजिबात नको. कांद्यात या हंगामापुरती शिदोरी आधीच भरलेली असते. थोडी ट्रायकोडर्मा पावडर, म्हणजे कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळली तर बरं. सांगलीत कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते.

कुंडी लहान घ्या, ४ इंची प्लास्टिकची. फ्रिजमध्ये मावायला हवी. एका कुंडीत तीन कांदे, एकमेकांना न टेकतील असे, टोक मातीच्या जेमतेम वर. जमिनीत लावताना कांदा त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल घालतात, पण फ्रिजच्या कुंडीत मुळांना खाली जागा मिळू दे. एकदा पाणी घाला, निथळू द्या, मग कुंडी भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. हल्लीचे फ्रॉस्ट-फ्री फ्रिज हवा फार कोरडी करतात. पिशवी नसेल तर पंधरा दिवसांत माती भुगा होते. मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे कधी कधी गोठतं. एक साधा थर्मामीटर आत ठेवून कोणत्या कप्प्यात ५ ते ८ अंश राहतात ते आधीच बघून घ्या. दर रविवारी कुंडी उचलून पाहायची. हलकी लागली तर दोन चमचे पाणी.

आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, चिकू ठेवू नका. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने कांद्यातली कळी मरते. मी दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ३० कांदे असे घालवले. आठवडे बरोबर, तापमान बरोबर, मुळं भरपूर, आणि सगळ्या कळ्या करपलेल्या. महिनाभर कारण कळेना. मग लक्षात आलं की कुंड्यांच्या वरच्याच कप्प्यात सफरचंदांची पेटी रिकामी केली होती. भाज्या चालतात. पण टोमॅटो बाहेर ठेवा.

तासगावकडे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कुणी ओळखीचं असेल तर एका क्रेटमध्ये पाच-सहा कुंड्या तिथे राहू शकतात. मात्र खोलीचं तापमान विचारून घ्या. शून्याला टेकलेलं असेल तर मुळं फुटणार नाहीत.

जानेवारीच्या सुरुवातीला कुंडी उलटी धरून बुडाच्या भोकातून पाहा. पांढरीशुभ्र, शेवयांसारखी मुळं बाहेर डोकावत असतील आणि वर दोन-तीन सेंटिमीटरचा फिकट पिवळा कोंब असेल, तर कांदा तयार आहे. १४ आठवडे झाले आणि कोंब अजून नखाएवढाच असेल तर आणखी आठवडाभर आत राहू द्या. कोंबाचं ऐका, तारीख ही फक्त अंदाजासाठी.

बाहेर काढल्यावर लगेच उन्हात नेऊ नका. पहिले पाच-सहा दिवस घरातल्या सगळ्यात गार, अंधुक कोपऱ्यात, शक्यतो फरशीवर. कोंब हिरवा झाला की सकाळचं दोन तास ऊन मिळेल अशा जागी. रात्री कुंड्या उघड्यावर ठेवा, जानेवारीची रात्र तेवढी उपयोगी पडते. दुपारी आत. साधारण तीन आठवड्यांत फूल येतं. दांडा १५ ते २० सेंटिमीटर आणि एका दांड्यावर बहुधा दोन फुलं, एकमेकांशी कुजबुजत असल्यासारखी. नावाचा अर्थही तोच आहे, फ्रेंचमध्ये 'डोक्याला डोकं लावून'. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात अलेक ग्रे यांनी १९४० च्या दशकात ही जात काढली आणि आज कुंडीतलं डॅफोडिल म्हटलं की जगभर बहुतेक हीच दिसते. थंड देशात फूल दोन-तीन आठवडे टिकतं. आपल्याकडे पाच-सहा दिवस धरून चाला. मला ते पुरतात. त्या आठवड्यात मी सकाळचा चहा कुंडीपाशीच घेते.

आता नर्गिस. ताई, तुमच्या जागी मी असते तर यंदा निम्मे पैसे इकडे लावले असते. डॅफोडिल आणि नर्गिस एकाच कुळातली, दोन्ही नार्सिसस. पण नर्गिसचा टॅझेटा गट भूमध्य समुद्राकाठच्या सौम्य हिवाळ्यात आणि कडक, कोरड्या उन्हाळ्यात वाढलेला. त्याला थंडीची अट नाही. उलट त्याची कळी धरते तीच कांदा कोरडा, २५ ते ३० अंशांत पडून असताना. तुमचा माळा तेत-आ-तेतला मानवत नाही, पण नर्गिसला मानवेल. बाजारात 'पेपरव्हाइट' नावाने पांढरा मिळतो. लावल्यापासून पाच-सहा आठवड्यांत फुलतो. दिवाळी झाली की लावा, नाताळच्या आसपास फूल. खोलगट वाडग्यात खडे भरून त्यावर कांदे बसवायचे आणि पाणी कांद्याच्या बुडाला जेमतेम टेकेल इतकंच ठेवायचं. वर आलं तर कांदा कुजतो.

तुम्हाला छोटंच फूल हवंय, आणि पेपरव्हाइट तर उंच वाढून आडवा पडतो. त्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शोधलेला एक उपाय मी गेली काही वर्षं वापरते. कोंब दोन इंचांचा झाला की साधं पाणी ओतून टाकायचं आणि ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी घालायचं. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. त्याचा एक भाग आणि पाणी अकरा भाग. मुळांना पाणी ओढणं थोडं जड जातं, त्यामुळे दांडा साधारण एक-तृतीयांश बुटका राहतो. फूल मात्र तेवढंच मोठं येतं. प्रमाण वाढवू नका, मुळं जळतात.

नर्गिसचा वास उग्र आहे. काहींना डोकं चढतं. निशिगंध आवडणाऱ्या घरात सहसा तक्रार येत नाही, पण झोपायच्या खोलीत ठेवू नका. पिवळाच रंग हवा असेल तर याच गटातला 'सोलेल दॉर' शोधा: पिवळ्या पाकळ्या, नारिंगी वाटी. त्यालाही फ्रिज लागत नाही, पण तो फूटभराहून उंच होतो आणि मिळतोही क्वचित. बुटकं, पिवळं आणि दरवर्षी न चुकता येणारं काही हवं असेल, तर पावसाळ्यात फुलणारी पिवळी रेन लिली याच घराण्यातली आहे. सांगलीच्या मातीत ती मुळीच कुरकुरत नाही.

दुसऱ्या वर्षाचं सांगायचं तर खड्यांवर फुलवलेला कांदा रिकामा होतो, तो टाकून द्यावा लागतो. मातीत लावलेल्या नर्गिसची पानं शेवटपर्यंत राखली, गाठी मारल्या नाहीत, पिवळी पडेपर्यंत पाणी दिलं आणि फूल गेल्यावर थोडा पोटॅश दिला, तर पुढच्या वर्षी काही कांदे फुलतात. सगळे नाही. माझ्याकडे निम्म्याहून कमी. तेत-आ-तेतच्या बाबतीत मी ही आशा ठेवत नाही. मार्चच्या उन्हात त्याची पानं लवकर पिवळी पडतात आणि एका मोठ्या कांद्याचे तीन-चार बारके होऊन बसतात.

साठवण कशी, तर कांदाचाळीसारखी. जाळीच्या पिशवीत, सावलीत, खेळत्या हवेत टांगून. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद टिकायची ती हवा बंद झाल्यामुळे. फुलांचा कांदा तसा बंद ठेवला तर आठ दिवसांत बुरशी धरतो. कुठल्याही परिस्थितीत पावसाळ्यात कुंडीत ठेवू नका.

आता तुमच्या माळ्यावरचे १२ कांदे. ते आजच खाली काढा. मऊ असतील ते टाका. उरलेल्यांना दोरा गुंडाळून घेर मोजा. ८ सेंटिमीटरच्या आतले फ्रिजची जागा अडवतील, फुलणार नाहीत. ८ च्या वरचे निघाले तर सप्टेंबरअखेर त्यातला मधल्या आकाराचा एक निवडा आणि धारदार सुरीने टोकापासून बुडापर्यंत उभा चिरा. अगदी मध्यभागी, कोवळ्या पानांच्या बेचक्यात भिंग धरून पाहा. पानांची नुसती चपटी टोकं दिसली तर यंदा कळी धरलेलीच नाही, मग बाकीच्यांसाठी खटपट करू नका. टोकाला बारीकसा गोलसर, फिकट मणी दिसला तर ती कळी. मग उरलेले ५ ऑक्टोबरला कुंडीत आणि फ्रिजमध्ये.

चिरताना हातमोजे घाला. त्याच्या चिकाने कातडीला खाज सुटते. चिरलेला कांदा लगेच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, ओट्यावर ठेवू नका. हा कांदा विषारी आहे. त्यातल्या लायकोरिनने जोराच्या उलट्या होतात, आणि तो शिजवूनही निर्धोक होत नाही. दिसायला मात्र तो थेट स्वयंपाकातल्या कांद्यासारखा असतो, म्हणून फ्रिजमधल्या प्रत्येक पिशवीवर जाड अक्षरांत "फुलांचा कांदा, खायचा नाही" असं लिहून ठेवा आणि घरात स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना पिशवी उघडून, कुंडी दाखवून सांगा.